उशाशी बसलेल्या बाईला विचारा

आजारपणाने माणूस मऊ होतो असं म्हणणाऱ्याला एकदा माझ्याकडे पाठवा. मला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. पोट उघडून आतड्याचा तुकडा काढला, काही महिने पोटावर शौचाची पिशवी बांधून हिंडले, केमोने तोंड इतकं सोललं की दहीभातही झोंबायचा. आता मी बरी आहे आणि पूर्वीपेक्षा जास्त चिडकी आहे. ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. देवाने बळ दिलं वगैरे दुसऱ्या कुणाकडून ऐका. माझ्या बाबतीत ते काम रागाने केलं.

आणि राग रोगावर नव्हता. रोगाला काय कळतंय?

मी आरोग्य विम्याच्या धंद्यात आहे. लग्नानंतर स्कूटरवरून पेठ वडगाव, हातकणंगले असं हिंडत दारोदार पॉलिसी विकायला सुरुवात केली. तेव्हा विमा म्हणजे माणूस मेल्यावर मिळतो तोच, एवढंच लोकांना माहीत. मी दारात उभी राहून "उद्या घरात कुणी आजारी पडलं तर..." एवढं म्हणते न म्हणते तोच आतून एखादी म्हातारी ओरडायची, "बाई, शुभ बोल की! वास्तू तथास्तु म्हनती!" जिथून पाणीही न देता घालवून दिलं त्याच दारांत मी पॉलिसी विकल्या. मग क्लेम विभागात आले, तपासनीसांची प्रमुख झाले, आणि शेवटी दक्षिण महाराष्ट्राची विभागप्रमुख. आमच्या कंपनीत या खुर्चीत माझ्याआधी बाई बसलेली नव्हती.

त्या बढतीबरोबर कंपनीकडून वाढीव विमा मिळतो. त्यासाठी आपल्याला कोणताही आजार नाही असं लिहून द्यावं लागतं. मी दिलं. तेव्हा खरंच नव्हता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचा सगळा तमाशा त्यावरून झाला.

• • •

उन्हाळ्यात शौचाला रक्त पडायला लागलं. कोल्हापुरात रक्त पडलं की डॉक्टर सोडून सगळ्यांचं निदान एकच: तिखट. घरात कांदा-लसूण चटणीची बरणी वरच्या फळीवर गेली. ऑफिसमधल्या एकाने मूळव्याधीची पुडी आणून दिली, तीही घेतली. पाऊस लागला तरी रक्त थांबेना, जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा दुर्बिणीची तपासणी केली.

डॉक्टर बाहेर आले, खुर्ची ओढून बसले आणि माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाले, "सर, गाठ आहे. चांगली दिसत नाही."

पोट माझं, दुर्बीण माझ्यात घातलेली, आणि बातमी नवऱ्याला! अनिल कॉलेजात इतिहास शिकवतात. त्यांना साधी ताप-थंडीची गोळी कुठली ते आठवत नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, इकडे बघून बोला. मी शुद्धीत आहे." ते दचकले. मग माझ्याकडे बघून त्यांनी सगळं नीट सांगितलं, तेव्हा मात्र मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. त्यांच्या टेबलावर प्लास्टिकचं पोट होतं, त्यातलं आतडं कुणीतरी उलटं बसवलं होतं. मी तेच बघत बसले. भीती वाटली का? वाटली. पाय गार पडले आणि घरी जाईपर्यंत गरम झाले नाहीत.

• • •

रक्त कमी झालं होतं. आधी रक्त चढवायचं, मग शस्त्रक्रिया, असं ठरलं आणि मी दाखल झाले. सोबत अनिल आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. आक्का हातकणंगल्याजवळच्या आमच्या मूळ गावी राहतात. सासूबाई गेल्यापासून घरचे कुलाचार त्याच बघतात. बोलल्या की दोन मजले ऐकू जातं.

दाखल करून घेणारी डॉक्टर अगदी कोवळी मुलगी होती. मला रक्तदाबाचा पट्टा बांधलेला, अनिल खाली कागदपत्रं करत होते. तिने सहज आक्कांना विचारलं, "त्रास कधीपासून आहे?"

"लई दिस झालं की. दोन वरसं तरी पोटाचं हायच तिला."

मी "नाही, नाही, उन्हाळ्यापासून" म्हणेपर्यंत त्या मुलीने लिहून पुढचं पान उलटलं होतं. "मॅडम, बघते मी," म्हणाली आणि दुसऱ्या पेशंटने हाक मारली म्हणून गेली.

आयुष्यभर हेच बघत आले आहे. पेशंटबरोबर आलेला माणूस दुखणं वाढवून सांगतो. चार दिवसांचं सांगितलं तर डॉक्टर मनावर घेणार नाहीत, अशी आपल्याकडच्या लोकांची पक्की समजूत. मला वाटलं, आक्कांनीही तेच केलं. चडफडले, पण गप्प बसले. माझ्या कंपनीला मी माहीत होते ना!

• • •

मग भेटायला येणारे. शहाळी घेऊन यायचे, पलंगाच्या कडेला टेकायचे आणि माझ्याकडे बघून चुकचुकायचे. अनिलच्या एका मावसभावाने तर तोंडावर सांगितलं, "वैनी, राग मानू नका, पर तुमच्या लायनीत लोकांचा तळतळाट लई लागतोय. कुनाकुनाचं क्लेम रद्द केलं आसतील तुमी."

केले होते. लॉजच्या खोल्यांत चार खाटा टाकून त्याला हॉस्पिटल म्हणणाऱ्यांचे केले होते. धडधाकट माणसाला सलाईन लावून फोटो काढणाऱ्यांचे केले होते. विम्याचा पैसा सगळ्यांनी मिळून साठवलेला असतो, तो चोराला दिला तर आजाऱ्याला कुठून देणार? आणि तळतळाटाने आतड्यात गाठ होत असेल तर या गावातले निम्मे सावकार कधीच मेले असते. मी त्यांना म्हटलं, "भावजी, शहाळं ठेवा आणि निघा." ते निघाले. अनिल दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत, कारण पाहुण्याला मी हाकललं. मी मरणाच्या दारात, आणि ह्यांना पाहुण्याची पडली होती.

पेशंटनो, एक सांगते. ज्याच्या येण्याने ताप वाढतो त्याला येऊ देऊ नका. वाईट दिसलं तर दिसू द्या.

• • •

दुसऱ्या दिवशी उपचाराच्या खर्चाला कंपनीची मंजुरी आली नाही. संध्याकाळी पुण्याहून वरच्या साहेबांचा फोन आला. आवाज लोण्यासारखा. "मॅडम, केसपेपरवर दोन वर्षांचा इतिहास दिसतोय. तुमचं 'आजार नाही' हे निवेदन त्याच्या नंतरचं आहे. तुम्हीच नियम केलेत, तुम्हाला मी काय सांगणार? थोडी चौकशी होईल. तोवर तुमच्या जागेचा कार्यभार दुसऱ्याकडे देतोय. तुम्ही विश्रांती घ्या."

शस्त्रक्रिया काही अडणार नव्हती. अनिलनी बँकेत जाऊन व्यवस्था केली होती. अडलं होतं माझं नाव. आजार लपवून बढती घेतली, स्वतःच्या कंपनीला फसवलं, असा शिक्का बसला असता तर मी वाचले तरी त्या खुर्चीत परत बसू शकले नसते. आणि इतकी वर्षं ज्या पोरांना खरं-खोटं ओळखायला शिकवलं, त्यांच्यात माझी गोष्ट खोट्याचं उदाहरण म्हणून सांगितली गेली असती.

रक्ताची पिशवी वर लटकत होती. मला ती उपटून टाकावीशी वाटली.

• • •

मी तपासनीसांना शिकवायचे: पेशंटला विचारू नका, तो सावध असतो. नातेवाईक बनून जा. हातात काहीतरी घेऊन जा. उशाशी बसलेल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला बाहेर गाठा आणि "किती वर्षं?" असं कधी विचारू नका. "लई सोसलं म्हणायचं!" एवढंच म्हणा. बाकीचं ती सांगते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी मी डोळे मिटून पडले होते. दार अर्धवट उघडं. बाहेरच्या बाकड्यावर आक्का कुणाशी तरी बोलत होत्या.

"वाडीचा परसाद आनलाय व्हय? लई चांगलं केलंसा पावणं. दत्तमहाराजच तारतील आता."

"मॅडमनी लई सोसलं म्हणायचं, आक्का."

"सोसलं म्हंजे? देवीच्या तीन म्हाया झाल्या बगा! तवापासनं पोट धरून हाय बिचारी. पर बोलून दावत न्हाय."

ते वाक्य, तो सूर, ते "म्हणायचं". माझंच. मी उठून बसले. टाके नव्हते अजून, म्हणून ओरडता आलं.

"रणजित! आत ये!"

रणजित माझ्या हाताखाली तयार झालेला सगळ्यात हुशार तपासनीस. दारात आला तेव्हा हातात पेढ्यांचा खोका होता आणि मान खाली होती.

"मॅडम, पुण्याचा आदेश आहे. मी नाही म्हणालो असतो तर दुसऱ्याला पाठवलं असतं."

"हे पेढे वाडीचे आहेत की गंगावेशेतल्या दुकानातले?"

"वाडीचेच आहेत. सकाळी जाऊन आलो. तुमच्यासाठीच गेलो होतो, आईशप्पथ." त्याचे डोळे भरले. "मग म्हटलं, रिकाम्या हाताने कसं यायचं."

म्हणजे पहाटे माझ्यासाठी देवाला साकडं घातलं आणि दुपारी तोच प्रसाद देऊन माझ्या नणंदेकडून माझ्याविरुद्ध जबानी काढली. मला त्याला मारावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. आक्कांना आत बोलावलं.

"आक्का, तीन म्हाया कुठून काढल्यात तुम्ही? मला उन्हाळ्यापासून त्रास आहे. कशाला वाढवून सांगता?"

"वाढवून?" आक्का कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मी कशाला वाढवू गं? म्हाईला तू आली न्हाईस. का आली न्हाईस? पोटाला बरं न्हाय म्हणून. फुडच्या सालीबी त्येच. औंदाबी त्येच. अन्याच येऊन सांगत व्हता की, तिला बरं न्हाय, जुलाब हाईत. इचार त्याला!"

अनिल खिडकीतून बाहेर बघायला लागले.

तेव्हा मला उलगडा झाला.

म्हाई म्हणजे गावदेवीला बकरं देऊन भावकीने घातलेलं जेवण. आमच्या घरची म्हाई मार्चअखेरीला येते. मार्चअखेर म्हणजे आमच्या धंद्यात मान वर करायला सवड नाही. पण घरची सून म्हाईला नाही हे भावकीला चालत नाही. ती आजारी असेल तर चालतं. बाळंतीण असेल तर चालतं. सुतकात असेल तर चालतं. "तिला ऑफिसात काम आहे" हे चालत नाही. अनिलना काम असलं की त्याचं कौतुक: "पोरगा लई बिझी आसतोय." बाईला काम असलं की माज. म्हणून अनिल दर वर्षी एकटे जात आणि माझं पोट बिघडवून येत. मला माहीत होतं. मीच सुचवलं होतं पहिल्यांदा. सोपं होतं.

"अहो," मी म्हटलं, "बायको कामावर आहे असं सांगायला तुमची जीभ का रेटली नाही?"

"शैला, आत्ता नको..."

"मग केव्हा? उद्या पोट फाडल्यावर?"

मग मीच आक्कांकडे वळले. "आक्का, त्या तिन्ही वेळी मला काही झालेलं नव्हतं. मी ऑफिसात होते. आम्ही खोटं सांगितलं."

मला वाटलं, त्या ओरडतील. तो आवाज मी झेलला असता. पण आक्का पहिल्यांदाच हळू बोलल्या.

"म्हंजे तुझ्या पोटासाठी दर साली देवीपुढं नारळ फोडत हुतो, त्यो..." त्यांनी पदर खोचला, पिशवी उचलली. "मी जातो. धाराची येळ झाली."

धारा काढायला गावात माणूस होता, सगळ्यांना माहीत होतं.

त्या गेल्यावर मी रणजितला म्हटलं, "उभा काय राहिलायस? तीन वर्षांची मार्चअखेरची हजेरी काढ. तुमच्याच कंपनीची आहे. ज्या दिवशी मी सासरी आजारी होते, त्या दिवशी तुमच्याच ऑफिसात लोकांचे क्लेम मंजूर करत बसले होते. तूही होतास की शेजारच्या टेबलावर! माझं पोट दुखत होतं का तेव्हा?"

"नाही, मॅडम. त्या दिवशी तुम्ही आमच्या वाटणीची मिसळही खाल्ली होती."

"मग तेही लिही."

शेवटी आजारी नव्हते हे सिद्ध करायला खोटारडी होते हे सिद्ध करावं लागलं. कंपनीसाठी काम करत होते म्हणून घरी खोटं बोलले, आणि त्या खोट्यावरून कंपनीने मला खोटं ठरवायला माणूस पाठवला. या दोन्ही घरांसाठी मी किती राबले होते! वास्तू तथास्तु म्हणते, हेही रात्री मनात येऊन गेलं. गेलं खड्ड्यात. वास्तूला एवढंच ऐकू येत असेल तर इतकी वर्षं बरंही मागितलं होतं, ते का नाही ऐकलं?

• • •

शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. थंडी वाजली. कुणीतरी उलटे आकडे मोजायला सांगितले. जाग आली तेव्हा पोटावर पिशवी होती आणि अनिल माझ्या पायांना हात लावून बसले होते. गार पडलेत का बघत होते. त्यांनी माफी मागितली नाही, तो शब्द त्यांना येत नाही. पण पिशवी रिकामी करायची वेळ आली तेव्हा नर्सने हातमोजे घातले आणि ते म्हणाले, "सिस्टर, मला दाखवा कसं करायचं." पुढचे सगळे महिने ते काम त्यांनी केलं. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. रागाच्या हिशेबात मी हे त्यांच्या बाजूला लिहून ठेवलं आहे.

आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर सगळं हॉस्पिटल एकाच गोष्टीची वाट बघतं: आतडं परत चालू झालं का. सकाळी डॉक्टर विचारतात, दुपारी नर्स विचारते. माझं आतडं काही हलत नव्हतं. पाण्याचा घोटही बंद. आक्का आल्या नव्हत्या, फोनही नव्हता. मी अनिलना विचारायचे, ते म्हणायचे, "येईल." मला त्यांच्या "येईल"चा राग यायचा.

मग एका सकाळी जिन्यातूनच आवाज आला.

"काय, गॅस गेला का न्हाय अजून तिचा?"

मजल्यावरची सगळी माणसं दारात आली. आक्का धापा टाकत आत शिरल्या, पलंगाशी उभ्या राहून पिशवीकडे वाकून बघितलं. पिशवी गॅसने फुगली होती, म्हणजे आतडं चालू झालं होतं. म्हणाल्या, "ही बग, फुगलीया की! आन् ह्यो डाक्टर काय बगतोय?" आणि डॉक्टरांना हाक मारायला निघूनही गेल्या. मी हसले तर टाके ओढले, रडले तरी ओढले.

झाल्या प्रकाराबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मीही नाही.

• • •

मंजुरी आली. रणजितने सगळं लिहिलं होतं, मिसळीसकट. पण पुण्याच्या साहेबांनी वर शेरा मारला होता: "विशेष बाब म्हणून मंजूर." म्हणजे उपकार. मी केमोची सुई हातात असताना डाव्या हाताने फोन धरून त्यांना सांगितलं, "साहेब, मी खरी ठरले की तुम्ही मोठ्या मनाने सोडून दिलंत? खरी ठरले असेन तर तो शब्द काढा. सोडून दिलं असेल तर क्लेम नामंजूर करा, मी भांडते." ते हसले. शब्द काढायला त्यांनी चांगले तीन आठवडे घेतले, पण काढला.

परत गेले तेव्हा माझ्या खुर्चीत दुसरा होता. मला "जपायला हवं" म्हणून प्रशिक्षणाचं हलकं काम देऊ केलं होतं. लोकांना आजारपणात आधार देऊ असं भिंतीवर लिहिणारी कंपनी स्वतःच्या आजारी माणसाला जिन्याखाली बसवायला निघाली होती. मी डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला टेबलावर ठेवला आणि त्या गृहस्थांना म्हटलं, "उठा." ते उठले. बसल्यावर पिशवी पट्ट्याखाली कुरकुरली, सगळ्यांनी ऐकली. ऐकू दे.

पहिलं काम केलं ते हे: माझ्या विभागातला कुठलाही तपासनीस यापुढे प्रसाद घेऊन जाणार नाही. दारात उभं राहून नाव आणि कंपनी सांगेल, मगच विचारेल. चोर थोडे जास्त सुटतील, हे मला ठाऊक आहे. पुण्याला ते आवडलेलं नाही.

आणि तुम्हाला, जे उद्या दाखल होणार आहात, सांगते: "त्रास कधीपासून" याचं उत्तर स्वतः द्या, ते नीट लिहिलं की नाही ते बघा, आणि सोबत येणाऱ्याला गाडीतच खरं काय ते सांगून ठेवा. तो खोटं बोलेल म्हणून नव्हे. तुम्ही त्याला काय काय सांगून ठेवलं आहे ते तुम्हालाच आठवत नसतं.

• • •

यंदाच्या मार्चमध्ये पिशवी निघाली होती, केस कानापर्यंत आले होते. ऑफिसात फायलींचा ढीग. आक्कांचा फोन आला. मागे बायकांचा गलका, भांड्यांचा आवाज.

"उद्या म्हाई हाय. येनार न्हवं?"

अनिल समोर बसले होते, मला डबा द्यायला आले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आक्का, नाही जमणार. मला काम आहे."

मग, "काम हाय म्हंतीस."

"हो. मार्चअखेर आहे."

"मग हितं भावकीत इचारलं तर काय सांगू?"

"काम आहे म्हणून सांगा."

त्यांनी फोन बंद केला नाही, कानापासून नुसता बाजूला घेतला असावा. कारण पुढचं सगळं मला ऐकू आलं आणि अनिलनाही.

"आमची शैला यायची न्हाय गं! हापिसात काम हाय तिला!"

कुणीतरी बाई हळूच काहीतरी म्हणाली. तब्येतीबद्दल असावं.

"तब्येतीला काय धाड भरलीया तिच्या?" आक्का गरजल्या. "काम हाय म्हंतोय न्हवं मी!"